खालून भरत येऊ दे

तुझ्या भावांनी तुझ्यावर अन्याय केला, पोरी. एवढं सरळ वाक्य तुला अजून कुणी म्हटलेलं दिसत नाही, म्हणून आधी मी म्हणते. आई अंथरुणावर होती तेव्हा सांगलीहून साताऱ्याला पोचणं तुला काही अवघड नव्हतं. भावाचा फोन आला तो माती झाल्यावर. आणि वर्ष उलटायच्या आत तोच भाऊ हक्कसोड पत्र घेऊन दारात उभा राहिला, बरोबर वहिनी, आणि ती म्हणाली, "तुम्हाला तिकडं काय कमी आहे?" याला अन्याय म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

हे सगळं मला सांगताना तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "तसं काही नाही ताई, मी क्षमा केलीय." म्हणताना तुझा ओठ थरथरत होता. प्रभूची प्रार्थना म्हणताना क्षमेच्या ओळीवर तुझा आवाज बंद होतो, हेही मला ठाऊक आहे. मी तुझ्या शेजारीच तर बसते गं.

आपल्या मंडळीतल्या बायका वाईट नाहीत. "सोडून दे, ख्रिस्ती ना आपण" असं त्या म्हणतात ते मायेनंच म्हणतात. पण या सोडून देण्याच्या घाईनं मी फार बायका आजारी पडलेल्या पाहिल्यात. कुणाचं डोकं दुखतं, कुणाची छाती धडधडते, तपासण्या सगळ्या नॉर्मल येतात, आणि खोदून विचारलं की वीस वर्षांपूर्वीचा एखादा शब्द बाहेर येतो. तो शब्द तिनं क्षमा म्हणून गिळलेला असतो.

मी नर्सिंग शिकले ते मिरजेच्या मिशन दवाखान्यात. डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली कॅनडाहून या भागात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत तो दवाखाना उभा केला. त्यांच्या नावाची वॉनलेसवाडी तर तुझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. मी शिकायला गेले तेव्हा त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी सर्जिकल वॉर्डातली शिस्त कडक होती. मोठं गळू फोडलं, पू काढला, की त्याचं तोंड लगेच शिवायचं नाही, हे आम्हाला तिथं पहिल्यांदा शिकवलं. आत गॉज भरायचं. रोज ते काढायचं, रोज नवं भरायचं. जखम तळापासून भरत वर आली पाहिजे. वरची कातडी आधी जुळली तर आत पुन्हा पू धरतो, आणि पेशंटला मात्र वाटत राहतं की आपण बरे झालो. ते ड्रेसिंग दुखायचं. पेशंट हात धरून म्हणायचे, "सिस्टर, वरून तर छान दिसतंय, आज राहू द्या ना." राहू द्यायचं नसतं. तुझी ती "मी क्षमा केलीय" वरून जुळलेली कातडी आहे, बाळा. आत अजून काम व्हायचंय.

मग करायचं काय, हे तू विचारलंस. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन आपण सात उद्गारांची उपासना करतो. संडे स्कूलपासून ऐकत आलीस, त्यामुळे कदाचित आता कान देऊन ऐकत नसशील. पहिला उद्गार क्षमेचा. त्यात प्रभू काय करतो ते नीट बघ. खिळे ठोकणाऱ्या शिपायांकडे वळून तो "जा, मी तुम्हाला क्षमा केली" असं म्हणत नाही. त्याआधी त्यानं कितीतरी जणांना स्वतःच्या तोंडानं क्षमा केली होती, पक्षाघाताचा तो रोगी आठव. पण त्या दुपारी, ऐन वेदनेत, तो ही गोष्ट बापाच्या हातात देतो. तू यांना क्षमा कर, असं मागतो. मला हे कळलं तेव्हा खूप हायसं वाटलं होतं. ज्या दिवशी माझ्या स्वतःच्या मनात क्षमेचा एक थेंब नव्हता, त्या दिवशीही मला एवढं म्हणता येत होतं की बापा, माझ्याच्यानं होत नाही, या माणसाचं तू बघ, आणि माझं मन तिथवर आणायचं तर तूच आण. एवढीच प्रार्थना. खोटं काही नाही तिच्यात.

आणि त्याच उपासनेतला चौथा उद्गार आठव. तो तक्रारीचा आहे. देवा, मला का टाकलंस, असा सरळ जाब आहे तो. त्याच क्रुसावरून, त्याच दुपारी, त्याच तोंडून दोन्ही आले, क्षमाही आणि तक्रारही. मग तुला कुणी सांगितलं की तक्रार केली तर क्षमा खोटी ठरते?

बायबलमधली नामी बघ. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, परक्या मवाबातून ती मोकळ्या हातानं बेथलेहेमात परतली. गावातल्या बायका जमल्या तेव्हा तिनं आढेवेढे घेतले नाहीत. मला जुन्या नावानं हाक मारू नका, माझं आयुष्य कडू झालंय आणि ते देवानंच केलंय, असं तिनं भर वेशीत सांगितलं. तिला "असं बोलू नये" म्हणणारी एकही बाई त्या पुस्तकात नाही. रूथनंही तिला उपदेश केला नाही. ती उठली, शेतात सरवा वेचायला गेली आणि संध्याकाळी सासूपुढे जेवण ठेवलं. नामीचा कडूपणा उतरायला आख्खा हंगाम जावा लागला, पुढे नातू मांडीवर यावा लागला. आपल्याकडच्या बायकांनी नामीशी कसं वागावं हे तिथं लिहिलेलंच आहे, पण ते आपण फारसं वाचत नाही.

आता लक्ष्मीबाई टिळकांबद्दल बोलते. 'स्मृतिचित्रे' घरात नसेल तर माझी प्रत घेऊन जा, पण परत आण. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांच्या नवऱ्यानं, नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ती माणसं ही गोष्ट नेहमी टिळकांच्या बाजूनं सांगतो. त्यांचं धैर्य मोठं होतंच, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी लक्ष्मीबाईंच्या बाजूला काय होतं ते बघ. सोवळ्याओवळ्यानं करकचून बांधलेल्या घरात वाढलेली बाई, लग्न झालं ते अजाण वयात, पदरात लहानगा दत्तू, आणि नवऱ्यानं असं पाऊल उचललेलं की त्यानंतर तो तिच्या जगात मेल्यासारखाच. सवाष्ण म्हणून मिरवता येत नाही, विधवा म्हणून रडता येत नाही. नातेवाइकांच्या घरी राहायचं, लोकांची कीव सोसायची. घाव घालणारा माणूस दुष्ट नव्हता, त्यानं केलं ते श्रद्धेनं केलं, हे कळत असूनही घाव तेवढाच खोल होता. किंबहुना त्यामुळेच जास्त.

आणि लक्ष्मीबाईंनी घाई केली नाही. हेच मला त्यांच्याकडून तुला द्यायचंय. चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. रडल्या, रागावल्या, कविता केल्या. पुढे नवऱ्याकडे राहायला गेल्या त्याही आपलं सोवळं बरोबर घेऊन. टिळकांनी धर्म त्यांच्यावर लादला नाही, आणि नवऱ्याला बरं वाटावं म्हणून त्यांनीही लटकं काही केलं नाही. जातीची ही बंधनं देवानं घातलेली नाहीत, माणसानं घातलीत, हे त्यांच्या स्वतःच्या मनाला पटलं तेव्हाच ती गळून पडली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. मधल्या वर्षांत कुणी "पतिव्रता ना तू, सोडून दे" म्हणून त्यांना ढकललं असतं तर पुढची लक्ष्मीबाई आपल्याला मिळाली नसती, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या माहेरच्या गावाशी त्यांचा संबंध आहे, ठाऊक आहे का तुला? १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं, संन्याशासारखे राहू लागले आणि साताऱ्याला आले. 'देवाचा दरबार' हे त्यांचं शेवटचं स्वप्न तिथलं. म्हणजे उतारवयात पुन्हा एकदा नवऱ्यानं घराची घडी मोडली! ९ मे १९१९ ला ते गेले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी काय केलं बघ. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हातात घेतलं आणि पुढं लिहीत नेलं. जोडाक्षरं लिहायला अडखळणारी बाई ती. आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' छापून येऊ लागली, त्यात टिळकांचा राग आहे, न सांगता घरातून निघून जाणं आहे, हाल आहेत, काही म्हणता काही झाकलेलं नाही. तरी वाचताना त्या माणसाबद्दल आपल्या मनात माया दाटते. सगळं जसंच्या तसं सांगायचं आणि तरी सांगण्यात विष उतरू द्यायचं नाही, असं बोलता येणं म्हणजे माझ्या लेखी जखम पुरी भरणं. "काही झालंच नाही" म्हणणारीला ते कधीच जमणार नाही.

आता कागदाचं. सही करू नकोस. निदान आत्ता नको.

कुणीतरी तुला लूककृत शुभवर्तमानातला तो माणूस सांगितला असणार, "माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा" म्हणणारा. प्रभूनं त्याला वाटणी करून दिली नाही आणि लोभापासून सावध राहायला सांगितलं, हे खरं. पण तुझा वाटा नाहीच असं काही तो म्हणाला नाही. आणि लोभाचा तो इशारा दोन्ही भावांना लागू होतो. एकट्या बहिणीलाच तेवढा वाचून दाखवायचा, ही कुठली रीत? आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर विधवेला एक तृतीयांश, आणि राहिलेलं मुलगे-मुली यांच्यात सारखं. दोघंही आईवडील गेले असतील तर तुम्हा भावंडांत समान. मुलगी म्हणून तुझा हिस्सा एका गुंठ्यानंही कमी होत नाही. पौलानं करिंथच्या मंडळीला सांगितलं की भावाभावांनी उठून एकदम कोर्टात जाऊ नये, आपसातल्या शहाण्यांपुढे आधी बसावं. ते मला पटतं. म्हणून पाळकांना आणि दोन जाणत्यांना मध्ये घालून आधी बोलू. त्यातून तुझ्या मनानं उद्या ती जमीन दादाला द्यावीशी वाटली तर खुशाल दे, ते दान होईल. पण धर्माचा धाक घालून काढून घेतलेल्या सहीला दान म्हणत नाहीत. अशी सही केलेल्या बायका पुढची तीस वर्षं भावाच्या ऊसबिलाचा हिशेब मनातल्या मनात करत बसतात, हे मी आपल्या कृष्णाकाठी घरोघरी पाहिलंय.

क्षमा आणि न्याय एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेली असताना जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं, आणि बारीपद्याचं कुष्ठरोग्यांचं काम सोडून त्या लगेच निघून गेल्या नाहीत, आणखी काही वर्षं तिथंच राहिल्या. खटला मात्र चालला, शिक्षा झाली. त्यांच्या क्षमेनं कायद्याचे हात बांधले नाहीत. मी त्यांच्यापुढे तुला उभी करत नाही, तुझं दुःख तुझ्या मापाचं आहे. इतकंच सांगते की हातात सातबारा घेऊनही मनातला सूड खाली ठेवता येतो.

विश्वासाचं पण वेगळंच. क्षमा केली म्हणजे दादावर पहिल्यासारखा विश्वास टाकलाच पाहिजे असं नाही. योसेफानं भावांना पाहिल्याबरोबर मिठी मारली नाही. ओळख लपवली, एकाला अडकवून ठेवलं, धाकट्याच्या गोणीत प्याला ठेवून पारखलं की ही माणसं अजून तशीच आहेत की बदललीत. मध्ये मध्ये बाजूला जाऊन रडत होता, म्हणजे प्रेम होतं. तरी पारखलं. तेव्हा नाताळला माहेरी जायचं की नाही हे तू ठरव. गेलीस तर दुपारी जेवून परत ये, मुक्कामाचा आग्रह मोडता येतो. नाही गेलीस तर करंज्यांचा डबा पाठव, किंवा तेही नको. त्यात काही पाप नाही.

तुझी गोष्ट मारहाणीची नाही म्हणून बरं. हे पत्र तू मैत्रिणींना दाखवणारच, तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते. जिला नवरा मारतो तिनं क्षमेचा विचार नंतर करावा. आधी घराबाहेर पडावं, १८१ ला फोन करावा, नाहीतर ११२ ला. मार खात राहणं हा ख्रिस्ती सद्गुण नाही, आणि असं शिकवणाऱ्या कुणाचंही ऐकू नये.

एवढं सगळं करायचं कशासाठी, असंही मनात येईल. राग धरून ठेवला तर कुणाचं काय जातं? तुझंच जातं, पोरी. तू मला म्हणालीस, आईची आठवण काढायला बसलं की आधी वहिनीच डोळ्यांपुढे येते. मला त्या वाक्यानं झोप आली नाही. जमीन भावांनी घेतली असेल किंवा घेणार असतील, पण तुझी आई हा कडूपणा तुझ्याकडून घेऊन चाललाय. तिच्या हातची खर्डा-भाकरी, मळ्यातून येताना पदरात बांधून आणलेल्या ओल्या शेंगा, तुझ्या बाळंतपणात रात्रभर म्हटलेली गीतं, त्या सगळ्यांच्या दारात आता वहिनी उभी. आणि तुझी लेक मामाचं नाव निघालं की तोंड फिरवते. तिला काय माहीत झालं ते? तुझ्याकडूनच गेलं ते तिच्याकडे. इब्रीकरांस पत्रात कडूपणाचं मूळ वाढून पुष्कळांना बाधतं असा इशारा आहे, त्यातले पुष्कळ म्हणजे आधी आपलीच पोरं.

एकदम मोठ्या प्रसंगाची वाट बघू नकोस. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझ्या ओळखीच्या दोन जावा, वर्षानुवर्षं अबोला असलेल्या, एकाच हॉलमध्ये सतरंजीला सतरंजी लावून राहिल्या. एकमेकींना चहा दिला, एकमेकींची पोरं सांभाळली, निघताना गळ्यात पडून रडल्या. आम्हाला वाटलं, मिटलं. घरातला गाळ काढून झाला आणि अबोला पुन्हा सुरू. संकटात मन भरून येतं, ते ओसरतंही. रोज थोडं थोडं जे होतं तेच टिकतं.

रात्री दोनला जाग येते ना तुला? तेव्हा मोबाइल उघडून वहिनीचे स्टेटस बघू नकोस. दिवा लाव आणि पंचावन्नावं स्तोत्र वाच, मोठ्यानं, पोरं उठणार नाहीत इतपत. शत्रूनं नव्हे, जवळच्या माणसानं दगा दिला म्हणून तळमळणाऱ्या माणसाचं आहे ते, आणि त्याचे काही शब्द इतके तिखट आहेत की पाळक ते क्वचितच वाचतात. देवानं ते शब्द आपल्या पुस्तकातून काढून टाकले नाहीत. मग एका वहीत लिही. कुणी काय केलं, त्या दिवशी तू कुठं होतीस, तुझं काय गेलं. "वहिनी वाईट आहे" असं लिहू नकोस, त्यातून काही निघत नाही. "आईचं तोंड मला शेवटचं बघू दिलं नाही" असं लिही. रडू येईल, येऊ दे. शेवटी दादाचं नाव घेऊन एकच गोष्ट माग. त्याची शुगर वाढलीय म्हणालीस, तर ती आटोक्यात येऊ दे एवढंच. त्याचं हृदयपरिवर्तन वगैरे आत्ता मागू नकोस, त्यात आपलाच राग साधू बनून बसतो. आणि ही गोष्ट वहीपुढे, देवापुढे आणि माझ्यापुढे बोल. जी भेटेल तिच्यापुढे नको, सांगून सांगून ती ताजी राहते. दोन महिन्यांनीही झोप लागली नाही, जेवण जाईना, जगण्यात राम वाटेना, तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करायचा. फुकट असतो, मराठीत बोलतात. बीपीच्या गोळीनं विश्वास उणा होत नाही, तसा यानंही होत नाही.

किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही. माझ्या लग्नात जे झालं ते तुला माहीत आहे. त्या माणसाचं नाव कानावर आलं की माझ्या पोटात पीळ पडायचा, अगदी दुसऱ्याच कुणाचं तेच नाव असलं तरी. मी क्षमा केली असं मी कितीदा म्हटलं असेल, पीळ काही जाईना. प्रार्थना तीच, वर लिहिली ती. मग एकदा भाचीला जुन्या मिरजेच्या गोष्टी सांगत होते, उरुसाच्या, गाण्याच्या बैठकांच्या, आणि बोलता बोलता ते नाव माझ्याच तोंडून निघून गेलं. गोष्ट पुढं गेली. पीळ पडला नव्हता, हे मला रात्री भांडी घासताना लक्षात आलं. तिथवर मला कुणी आणलं ते मी जाणते.

येत्या रविवारी उपासनेनंतर थांब, पोरांना काकांबरोबर घरी पाठव. साताऱ्याचा सातबारा, फेरफार आणि दादानं ठेवून गेलेला तो कागद घेऊन ये. मंडळीतले वकील त्या दिवशी असतात, त्यांना मी सांगून ठेवलंय. आणि वही आण. ती मी वाचणार नाही, पण आणलीयस एवढं मला दिसू दे.